तिघांचा एक ठसा

दस्तगीर सतारमेकर यांनी उभ्या आयुष्यात मोटारीचा पाना हातात धरला नव्हता. भोपळे निवडायचे, दांड्या तासायच्या, पडदे बांधायचे आणि एक सतार बोलायला लागली की दुसरी हातात घ्यायची, हेच त्यांनी मिरजेत पंचावन्न वर्षं केलं होतं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, कृष्णाकाठ पुनर्वसन केंद्रात गळ्याला पट्टा बांधून बसलेल्या या माणसाच्या वतीने यंत्र जेव्हा म्हणालं, "गिअरबॉक्स उतरवायच्या आधी खाली लाकडाचा ठोकळा घाल," तेव्हा वाचा-उपचार करणाऱ्या हेमांगी सुतारला आधी हसू आलं. मग तिचं लक्ष दस्तगीरचाचांच्या चेहऱ्याकडे गेलं. अर्धांगवायूच्या झटक्यातून त्यांची मान तेवढी शाबूत राहिली होती, आणि ती मान ते जोरजोरात हलवत होते. नाही, नाही, नाही.

हेमांगीने लगेच सांगलीला वैजयंती कोपर्डेला फोन लावला, कारण केंद्रातली ती प्रणाली वैजयंतीनेच बसवली होती.

"मॅडम, चाचांच्या तोंडून काहीतरी भलतंच येतंय."

"काय येतंय?"

हेमांगीने वाक्य सांगितलं.

"मी येते," वैजयंती म्हणाली. "तोवर ते मशीन कुणाला लावू नका."

ठोकळ्याचं ते वाक्य वैजयंतीने लहानपणापासून ऐकलं होतं. तिचे वडील, आदगोंडा कोपर्डे, म्हणजे आण्णा, एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. हाताखालच्या प्रत्येक नवीन माणसाला ते हेच बजावायचे. एकदा ठोकळा न घातल्यामुळे त्यांच्या एका सोबत्याचा पंजा चिरडला होता, आणि तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसलं होतं. आण्णांना जाऊन आता अकरा महिने झाले होते.

त्या प्रणालीचं नाव होतं 'उच्चार'. ज्यांची वाचा गेली आहे, पण ज्यांच्या मनात भाषा शाबूत आहे, अशा माणसांसाठी ती होती. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा आवाज फुटला नाही तरी गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंकडे मेंदूचे हुकूम निघतातच. ते फार क्षीण असतात. पट्ट्यातले संवेदक ते टिपतात आणि संगणक त्यांतून शब्द ओळखतो. पण प्रत्येकाचा 'प' वेगळा, प्रत्येकाचा 'नको' वेगळा. म्हणून यंत्राला त्या त्या माणसाकडून शिकावं लागतं. शिकलेलं सगळं एका फाइलमध्ये साठतं, आणि तिला सगळे 'ठसा' म्हणत. ठशात आणखीही एक गोष्ट असे : हा माणूस सहसा कोणती वाक्यं बोलतो. संकेत स्पष्ट असला तर यंत्र ऐकल्याप्रमाणे बोले. संकेत अंधुक असला तर ठशातल्या सवयीच्या वाक्यांपैकी सगळ्यांत जवळचं वाक्य उचलून ती जागा भरून काढी. आपणही बहिऱ्या कानाने ऐकताना हेच करतो. समोरच्याला ओळखत असलो की अर्धं ऐकून पुरं समजतो.

वैजयंती मिरजेत पोहोचली तेव्हा चाचा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. आठवडाभराच्या तापाने त्यांचा चेहरा ओढला होता.

"चाचा, ते तुमचं वाक्य नव्हतं ना?" तिने विचारलं.

मान हलली. नाही.

"याआधी कधी असं झालंय? तुम्ही एक बोलताय आणि मशीन दुसरंच बोलतंय?"

चाचांनी मान खाली घातली, मग हळूच होकार दिला. हेमांगीचा चेहरा पडला. "मला का नाही कळलं?" ती पुटपुटली. चाचांना ते कसं सांगता येणार होतं? सांगायचं साधन तेच यंत्र होतं; नुसत्या मानेवरून यंत्र चुकतंय हे कुणाला कळणार?

वैजयंती संगणकासमोर बसली. या यंत्रावर तीन माणसांची पाळी असायची. सकाळी आण्णा, दुपारी चाचा, संध्याकाळी जयसिंगपूरच्या एक शिक्षिका. त्या पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश होता, स्वतंत्र सांकेतिक शब्द होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ज्याचं त्याचं नाव यायचं, त्यामुळे आतही सगळं ज्याचं त्याचं असेल याबद्दल कुणाला शंका आली नव्हती. वैजयंतीने ठशांची जागा उघडली. तिथे तीन फाइली असायला हव्या होत्या. तिथे एकच होती.

एकच का, हे तिला शोधावं लागलं नाही. ते तिला माहीत होतं.

मूळचा 'उच्चार' परदेशातल्या एका विद्यापीठात, युनिक्स कुळातल्या संगणकांवर लिहिला गेला होता. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो जगाला मोफत देऊन टाकला. त्या कुळातल्या संगणकांत प्रत्येक माणसाला स्वतःचं 'घर' असतं, आणि माझं घर कुठे असं कार्यक्रमाने विचारलं की यंत्रणा पत्ता देते. 'उच्चार' त्या घरात ठसा ठेवायचा. आपल्याकडच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत मात्र साधे टेबलावरचे संगणक असतात, त्यांची कार्यप्रणाली वेगळी. तीही अनेक माणसांना सामावून घेते, तीही प्रत्येकाला घर देते, पण त्या घराचा पत्ता विचारायची रीत निराळी. जुन्या रीतीने विचारलं की उत्तरच येत नाही. मग 'उच्चार' गोंधळून स्वतःच्या शेजारी, म्हणजे जिथे तो बसवलेला आहे तिथेच, ठसा लिहायला जाई. तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची मुभा नसते. कार्यक्रम सुरू होताच बंद पडे.

हे दुरुस्त करायचं काम, म्हणजे परक्या कुळातला कार्यक्रम इथल्या कार्यप्रणालीत नांदता करायचं काम, वैजयंतीकडे होतं. रीतसर करायचं तर चाळीसेक ठिकाणी हात घालून दर वेळी विचारायला हवं होतं : आत्ता कोण बसलंय, त्याचं घर कुठे आहे? त्याला महिना लागला असता. आठ दिवसांवर केंद्रातल्या यंत्राचं उद्घाटन होतं, आणि आण्णांना झटका येऊन सहा आठवडे झाले होते. ते नजरेने काहीतरी सांगायचा प्रयत्न करत आणि कुणालाच काही कळत नसे. तिने एक ओळ बदलली. ठसा सगळ्यांना लिहिता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये टाकला. शेजारी टीप लिहिली : 'तात्पुरते. नंतर नीट करणे.' तिच्या स्वतःच्या संगणकावर बसणारी ती एकटीच, म्हणून सगळ्या चाचण्या बिनबोभाट पार पडल्या. नंतर ते एकतीस केंद्रांत गेलं. सगळीकडे लोक बोलू लागले, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि ती टीप तशीच राहिली.

रोजच्या बोलण्यात काही बिघडलं नाही. पाणी हवंय, कूस बदला, पंखा कमी करा, ही सगळ्यांचीच वाक्यं. संकेत स्पष्ट असला की ज्याचे त्याचे शब्द येत. तापाने चाचांचे संकेत मंदावले तेव्हा यंत्राने रिकाम्या जागा दुसऱ्याच्या वाक्यांनी भरल्या.

मग तिला तो दिवस आठवला, आणि हात कळफलकावरून आपोआप खाली आले.

आण्णांच्या मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली होती. ती साफ करण्याची शस्त्रक्रिया करावी, नाहीतर दुसरा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांचं मत होतं. शस्त्रक्रियेतही धोका होताच. धाकटा भाऊ सुकुमार सुरतेच्या एका कापड कारखान्यात डाइंग मास्टर, म्हणजे रंगाई खात्याचा प्रमुख, होता. तो फोनवर म्हणत होता, "अक्का, करून टाक. मी निघालोच." पण आण्णांना आता बोलता येत होतं. निर्णय त्यांचा होता. डॉक्टरांनी त्यांना सगळं नीट समजावलं आणि विचारलं. आण्णा अस्वस्थ झाले, आणि यंत्र म्हणालं, "नको. थकलो आता. पुरे." मान हलत नव्हती, पापणीही हुकमात नव्हती, पण डावा हात खुर्चीच्या दांड्यावर दोनतीनदा आपटला.

हात आपटला म्हणजे आण्णा ठाम आहेत, असं वैजयंतीला वाटलं. तिने डॉक्टरांना नकार कळवला. सुकुमार फोनवर ओरडला, "ते असं म्हणणार नाहीत! तू त्यांना ओळखत नाहीस का?" ती म्हणाली होती, "ते स्वतः बोललेत, सुकुमार. मी माझ्या कानांनी ऐकलंय." सात आठवड्यांनी दुसरा झटका आला. सुकुमार पोहोचला तो अंत्यविधीला. त्यानंतर बहीणभावांत कामापुरतं बोलणं उरलं होतं.

"हेमांगी," वैजयंतीने मागे वळून न पाहता विचारलं, "गेल्या वर्षी याच दिवसांत चाचा व्यायामाला कंटाळायचे का?"

"कंटाळायचे? रोज भांडायचे! हात उचला म्हटलं की सुरू. नको, थकलो आता, पुरे." हेमांगी हसत होती. बोलता बोलता तिचं हसू थांबलं, कारण वैजयंतीने पडद्यावरची नोंद तिच्याकडे फिरवली होती. त्या एका महिन्यात चाचांच्या नावावर ते वाक्य त्रेचाळीस वेळा होतं. तेच शब्द, त्याच क्रमाने. आण्णांच्या नावावर एकदाच.

चाचा दोघींकडे पाहत होते. त्यांना काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. वैजयंती उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "चाचा, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. दोन दिवस द्या मला, मग तुमचंच बोलणं येईल."

तिने सुट्टी घेतली आणि घरी बसून ते चाळीस बदल केले. महिन्याचं काम दोन दिवसांत झालं असं नाही. बाकीचं सगळं बाजूला ठेवून घर शोधण्यापुरतं झालं. प्रत्येक ठिकाणी तिने तोच प्रश्न लिहिला : कोण बसलंय, त्याचं घर कुठे आहे? गुरुवारी चाचांना नवा, कोरा ठसा मिळाला. पहिला तासभर यंत्राला काहीच समजेना. मग ते हळूहळू, अडखळत म्हणालं, "ते गाडीवाले गेले वाटतं." हेमांगी रडायला लागली. वैजयंतीला रडू आलं नाही.

खरी गोष्ट अजून व्हायची होती. कच्चे संकेत दर दिवशी, ज्याच्या त्याच्या नावाने वेगळे साठवलेले होते. तेवढं मूळ लेखकांनी नीट केलं होतं. म्हणजे आण्णांच्या चार महिन्यांच्या संकेतांवरून फक्त त्यांचा ठसा नव्याने घडवता येत होता, आणि त्या दिवसाचा संकेत त्यातून पुन्हा वाचता येत होता. ती रविवारी दुपारी हे करायला बसली. 'चालव' हे बटण दाबायच्या आधी तिने स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला, गॅस पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. न ऐकताही जगता आलं असतं. कुणी विचारणार नव्हतं.

मग ती आत आली आणि तिने बटण दाबलं.

यंत्राचा आवाज सगळ्यांसाठी एकच होता, सपाट, कुणा पुरुषाचा. तो म्हणाला, "करू या." थोड्या वेळाने, "भीती वाटते." आणि मग, "सुकुमार कधी येतोय?"

खाली आकडे होते. यंत्र किती खात्रीने सांगतंय त्याचे. ती ते पाहत राहिली. खुर्चीच्या दांड्यावर आपटणारा तो हात तिला दिसत होता. आण्णा आपलं म्हणणं ठासून सांगत नव्हते. यंत्र भलतंच बोलल्यावर ते त्याला अडवत होते. आणि लेक शेजारी बसून मान डोलावत होती.

दुसऱ्या दिवशी तिने केंद्रांत 'उच्चार' बसवणाऱ्या आपल्या संस्थेचे संचालक निंबाळकर यांना सगळं सांगितलं. ते सज्जन होते, आणि म्हणूनच घाबरले.

"वैजयंतीबाई, नवी आवृत्ती सगळीकडे पाठवून द्या. सुधारणा म्हणून. कारण लिहायची गरज नाही. लोकांचा विश्वास उडाला तर उद्या कुणी पट्टाच बांधणार नाही."

"सर, तिथे लोकांनी यंत्राच्या भरवशावर काय काय ठरवलं असेल ते आपल्याला माहीत नाही. त्यांना कळायला नको?"

"जे होऊन गेलं ते उलटणार आहे का?"

"जे उद्या होणार आहे ते थांबेल."

त्यांनी परवानगी दिली नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने एकतीस केंद्रांना स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. त्यात तिने ती एक ओळ दिली, का बदलली ते लिहिलं, आणि आपल्या वडिलांचंही लिहिलं. शेवटी विनंती केली की एकाच यंत्रावर अनेक माणसं असतील तर यंत्राच्या शब्दावर घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय पुन्हा विचारून घ्यावा.

तासाभरात कराडहून एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडच्या एका रुग्णाचा पाय सडत चालला होता आणि मंगळवारी सकाळी तो कापायचा होता. संमती यंत्राने दिली होती.

"थांबवा," वैजयंती म्हणाली. "मी निघते."

ती पोहोचली, तिने नवी प्रणाली चढवली, जुन्या संकेतांवरून त्या माणसाचा ठसा घडवला. यात पूर्ण दिवस गेला. ऊस तोडणीच्या यंत्रावर काम केलेला, पन्नाशीचा माणूस. त्याची बायको पायाशी बसून होती, आणि वैजयंतीला तिच्या डोळ्यांत आशा स्पष्ट दिसत होती. वैजयंतीच्या मनातही ती होतीच. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. यंत्र म्हणालं, "कापा. किती वेळा विचारता?"

बायकोने पदर तोंडाला लावला. डॉक्टर वैजयंतीला बाजूला घेऊन तुटकपणे म्हणाले, "एक दिवस गेला, बाई. त्या पायाला एक दिवस म्हणजे थोडा नसतो." परतीच्या एसटीत तिला कळलं, की आपण तिथे कुणाला तरी वाचवायला आलो होतो, आण्णांच्या बदल्यात. तसं काही मिळणार नव्हतं. त्या माणसाचं बोलणं त्याचं होतं, एवढीच खात्री ती करून आली होती.

आठवडाभरात सत्तावीस केंद्रांची उत्तरं आली. काहींनी आभार मानले, काहींनी वकिलाचा पत्ता विचारला. दोन ठिकाणी पट्टे काढून कपाटात ठेवले. निंबाळकरांनी तिला पुढच्या कामातून मोकळं केलं आणि तसं पत्र स्वतःच्या हाताने आणून दिलं. दारात ते बराच वेळ घुटमळले. "तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले, "पण मला जमलं नसतं."

सुकुमारशी ती मुद्दाम फोनवर बोलली नाही. तिने सुरतेचं तिकीट काढलं.

गाडीत एकच गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. आण्णांचं तिसरं वाक्य. ते कापून टाकणं अगदी सोपं होतं. 'करू या' एवढंच ऐकवलं तर सुकुमारचं म्हणणं खरं ठरत होतं, दोष तिच्या एकटीच्या माथी येत होता, आणि तेच न्यायाचं होतं. 'सुकुमार कधी येतोय' हे त्याला का ऐकवायचं? जन्मभर छातीत घेऊन फिरायला? वलसाड येईपर्यंत तिने कापायचं ठरवलं होतं. मग तिला वाटलं, मी एकदा त्यांच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले. आता त्यांचे शब्द काढूनही घेऊ?

सुकुमारच्या घरी दुपार शांत होती. भावजय शाळेत शिकवायला गेली होती. त्याच्या बोटांच्या कडांना रंगाची निळी छटा होती, कितीही धुतली तरी न जाणारी. त्याने पाणी आणून ठेवलं आणि समोर बसला.

"काय झालं, अक्का? असं न सांगता कशी आलीस?"

तिने सगळं सांगितलं. ती ओळ, तो फोल्डर, चाचा, त्रेचाळीस वेळा. सांगताना तिने स्वतःसाठी एकही सबब वापरली नाही. उद्घाटनाची घाई होती हेसुद्धा ती बोलली नाही. मग तिने संगणक उघडून ती तीन वाक्यं लावली.

तिसरं वाक्य संपलं तेव्हा सुकुमार उठला, मागच्या गॅलरीत गेला आणि कठड्याला हात लावून उभा राहिला. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांमधून त्याची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने तो आत आला.

"हे तरी त्यांचंच कशावरून?" त्याने विचारलं. "तेव्हाही तू म्हणालीस, कानांनी ऐकलं."

"पूर्ण खात्री नाही," ती म्हणाली. "करू या, यात शंभरातले त्र्याण्णव. भीती वाटते, यात एकाहत्तर."

"आणि तिसरं?"

"तुझ्या नावाची अठ्ठ्याण्णव. चार महिने ते सगळ्यांत जास्त तोच शब्द बोलले होते."

सुकुमार खाली बसला. त्याने दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला.

"ऑपरेशन केलं असतं तर वाचले असते?"

"माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण त्यांनी निवडलं होतं, आणि मी ते होऊ दिलं नाही. तू बरोबर होतास. मी तुला खोटं पाडलं."

ती माफी मागणार होती, पण तो शब्द एवढा लहान वाटला की तिला तो उच्चारवेना. खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि लांब गेली.

"मी तेव्हा तिकीट काढलंच नव्हतं," तो अचानक म्हणाला. "मी निघालोच, असं तुला म्हणालो ना? निघालो नव्हतो. कारखान्यात मोठी ऑर्डर होती. म्हटलं, अक्का आहे तिथे. ऑपरेशन ठरलं की जाऊ. तू नाही म्हणून सांगितलंस तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो, आणि आतून मला बरं वाटलं, की आता लगेच जायला नको." "वर्षभर मी सगळ्यांना सांगितलं, की अक्काने होऊ दिलं नाही."

वैजयंतीने त्याच्याकडे पाहिलं. ती खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारी फरशीवर बसली. दोघं लहानपणी कार्यशाळेच्या दारात डबा घेऊन बसायची, तशी नव्हे. आता दोघं पन्नाशीकडे झुकलेली होती, गुडघे दुखत होते, आणि आतून हाक मारणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने सुकुमारने हात लांब केला, निळसर बोटाने कळ दाबली आणि आण्णांचा प्रश्न पुन्हा एकदा ऐकला.